चौथ्या नंबरचा आवाज

आडगाव नाक्यापुढं, टायरवाल्याच्या भिंतीला लागून माझी शेड.
दगू आव्हाड गाडी घेऊन आला तेव्हा सकाळचे सात,
इंजिन बंद करायलाही घाबरत होता.
“कसारा चढताना बोलायला लागली, मिस्त्री.
भिवंडीचं लोखंड होतं मागं.”
काय बोलली?
“ठक. दाबलं की ठक. सोडलं की गप.”

मी त्याला चहा प्यायला पाठवलं.
मालक जवळ असला की इंजिन खोटं बोलतं,
असं काही नसतं, पण मला ऐकू येत नाही.

लांब पेचकस ब्लॉकला टेकवला, मूठ कानामागच्या हाडाला.
मग एकेक डिझेल पाइप सैल केला.
पहिला: इंजिन लंगडलं, ठक तशीच.
दुसरा, तिसरा, तसंच.
चौथा सैल केला आणि ठक विझली.
आवळला, परत आली.

ऑइल गरम असतानाच सोडलं,
तळहातावर घेऊन उन्हात धरलं.
सोनाराच्या दुकानातल्या केरासारखी बारीक चमक.
आमच्या धंद्यात ही चमक कुणालाच नको असते.

चेंबर उतरवण्यात दुपार गेली.
चौथ्या रॉडचं बेअरिंग: पांढरा थर पार गेलेला,
खालचं तांबं उघडं,
शाफ्टवर नखाला लागणारे चरे.
तेल पोचलं नव्हतं.
का नव्हतं पोचलं?
पंपाची जाळी काढली.
जाळीला काहीतरी चिकटलेलं, काळं, कांद्याच्या सडक्या पातीसारखं.
डिझेलमध्ये खळबळलं.
कापड.
पुन्हा खळबळलं.
पिवळ्यावर निळी बदकं.

हे इंजिन शेवटचं उघडलं त्याला अकरा वर्षं झाली.
उघडलं मी. बंद केलं मी.
घरातले जुने कपडे फाडून शेडमध्ये आणायची आमची रीत,
आणि ही बदकं रोहिणीच्या फ्रॉकवरची.

रोहिणी आता अंबडला एका कारखान्यात तपासणीवर.
शिफ्ट सुटली की मायक्रोमीटर घेऊन येते,
माझ्या डोळ्यांना बारीक रेघा दिसत नाहीत हल्ली.
तिनं शाफ्ट मोजला. तीन कट आधीच घेतलेले.
“अजून एकच बसतो, बाबा. मग भंगार.”
मग तिची नजर डिझेलच्या थाळीत गेली.
“हा माझा फ्रॉक.”
मी हो म्हणालो.
तिनं मायक्रोमीटर पुसला, पेटीत ठेवला,
झाकण लागलेलं असताना पुन्हा एकदा लावलं.
“आव्हाडकाकांना?”

सांगायला सोपं होतं:
गाडी जुनी, ऑइल वेळेवर बदललं नाही, लोड कायम जास्त.
तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सकाळी दगूसमोर थाळी ठेवली.
तो बराच वेळ बदकांकडं बघत राहिला.
“म्हणजे अकरा वर्षं ही माझ्या चेंबरात पोहत होती?”
हो.
“आणि मी दर दसऱ्याला तुमच्या हातून हिला नारळ फोडून घेतला.”
रस्त्यापर्यंत गेला, तंबाखू मळली, परत आला.
“शाफ्टचं तुम्ही बघा. बेअरिंगचे पैसे माझे.”
पुन्हा गेला, पुन्हा आला.
“सगळ्या बेअरिंगचे नाही.”

गुरुवारी शाफ्ट सातपूरहून घासून आला.
त्याची तेलाची भोकं तारेनं, मग हवेनं, मग परत तारेनं साफ केली.
चिंध्या मोजून घेतल्या: नऊ.
काम झाल्यावर मोजल्या: नऊ.
रोहिणीनं माझ्यादेखत पुन्हा मोजल्या.
मला राग आला नाही, थोडा आला.

सेल्फ मारला.
ऑइलचा काटा जागचा हलला नाही.
आम्ही तिघंही त्याच्याकडं बघत उभे,
कुणी काही बोललं नाही.
मग हलला.

पंधराशे किलोमीटर हळू, मी म्हणालो.
दगूनं गिअर टाकला.
“कळलं,” तो म्हणाला,
आणि थाळीतली ती चिंधी मागून घेतली.