इमानतळ

सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा.
कब्जेदार: सैन्य खाते. आणि खाली पेन्सिलीनं,
कुणाच्या तरी तिरप्या अक्षरात, 'पोटखराब'.
मोजणीला मला धाडलं माघ संपता संपता,
फरदडीचा कापूसही वेचून झाला होता,
उत्तरेला सातपुडा,
अर्धवट पुसलेल्या फळ्यासारखा.

साखळी धरायला उखा भिल.
'आठे इमानतळ व्हता, रावसाहेब.'
तो म्हणायचा इमान,
मी नोंदवहीत लिहायचो विमान.
दुरुस्त करायची सवय, दुसरं काय.

त्रेचाळीस साली निंबाला नोटीस ठोकली:
आठ दिवसांत आंबेटेक उचला.
मेढी उचलता येतात, कौलं, जातं,
मोहाच्या टोळंब्यांची पोती, आजारी माणूससुद्धा.
विहीर कशी उचलायची?
केवळबाई गुजरांची विहीर, चैतातही दोन मोटा चालणारी,
मुरूम टाकून बुजवली. वर खडी, वर डांबर,
वरून वाफेचा रूळ.
धूळ बसावी म्हणून उख्याच्या बापानं पाणी मारलं,
आदल्या दिवशी त्याच विहिरीतून उपसून
पिपात भरून ठेवलेलं.
रोज सहा आणे.

मग वाट पाहणं.
बांबूच्या टोकाला कापडाची बाही,
वाऱ्यानं फुगायची, आत कुणाचाच हात नसलेली.
सुभान तडवी दिवसा शेळ्या हाकलायचा,
रात्री दोन्ही कडांना पलिते लावायचा.
एकदाच उतरलं एक, वावटळीत, वाट चुकून.
पोरगेलासा गोरा, तोंडभर माती,
कळण्याची भाकर खाल्ली, ठेच्यानं रडला,
संध्याकाळी पेट्रोल आलं, उडाला.
लढाई संपल्याचं सुभानला
पगार न आल्यावरून कळलं.

'बस?' मी विचारलं.
'बस. गाव गयं, एकच इमान उनं.
तेबी चुकीसन.'

आता पट्टीवर मिरची वाळते,
मास्तरांची मुलगी लुना शिकते,
पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात सोळाशे मीटर
आणि अकराशे फुटांच्या आसपास
प्रत्येक जण किंचित उजवीकडे सरकतो.
का, विचारलं तर हसतात.
पुढचा सरकला म्हणून.

तिथंच आमची साखळी झोळली.
डांबर बसलेलं, भल्या परातीएवढं,
चिरेतून हरळी, या दिवसांतही ओली.
उख्यानं कान लावला नाही, हात जोडले नाहीत,
नुसत्या वहाणा काढल्या आणि बसला.
म्हणाला, 'लिखा.'

काय लिहू? नमुन्यात रकाना नाही.
खोली दिसत नाही, वारस माहीत नाहीत,
पाणी आहे की नाही, सांगता येत नाही.
नकाशावर पेन्सिलीनं एक बारका गोल काढला
आणि शीर्षकात, चुकून म्हणा,
उख्याच्या तोंडचं नाव लिहिलं.

साहेबांनी लाल शाईनं 'इ' खोडून 'वि' केली,
शुद्धलेखनावरून दोन शब्द सुनावले.
गोलाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.
अजून असेल तालुक्याच्या दप्तरात, लाल फडक्यात,
वाळवीनं सोडला असेल तर.