रात्रपाळी, कायानी

जानेवारीत आमच्याकडे सूर्य येऊन जातो
घाईतल्या पाहुण्यासारखा, कोटही न काढता.
फोन मात्र रात्रभर येत राहतात.
मी हेल्मी, सल्ल्याच्या फोनवरची नर्स.
सव्वीस वर्षं आजार कानांनीच ओळखत आले.

ताउनो कार्नाच्या तोंडात 'म'चा 'ब' झाला होता.
एवढ्यावरूनच अर्धं कळलं.
"दाढ दुखते," तो म्हणाला, "वरची, डावीकडची.
दातांच्या डॉक्टरने टिचक्या मारून पाहिलं,
म्हणाला, दाढ निर्दोष आहे, शेजारी शोधा."

शेजार मला ठाऊक होता.
वरच्या दाढांच्या मुळांवरच उभी असते
गालातली ती पोकळ खोली,
जिचं दार नाकात उघडतं
आणि सुजलं की उघडत नाही.

"वाका," मी म्हटलं, "बुटाची नाडी बांधायला वाकता तसे."
फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.
मग एक शिवी, स्वच्छ, खास आमच्या कायनूची.
"गालात कुणी शिसं ओतलं?"

"कितवा दिवस?"
हा माणूस दुखणं मोजणारा नव्हता, लाकडं मोजणारा होता.
सर्दी लागली त्या दिवशी बर्चची गाडी आली.
पाचव्या दिवशी बरं वाटलं, अर्धा ढीग फोडून झाला.
आठव्या दिवशी ताप, शेंबूड हिरवा.
आज अकरावा,
कुऱ्हाड अजून ओंडक्यातच अडकलेली.

हिरव्या रंगावर मी जात नाही,
तो साध्या सर्दीलाही चढतो.
पण निघालेला पाहुणा दारातून मागे फिरला
आणि बूट काढून बसला,
तर समजावं, आता हा मुक्कामाला आलाय.

"सुई नको," तो एकदम म्हणाला.
चौसष्ट सालच्या हिवाळ्यात त्याच्या आईला
नाकातून सुई घालून हाड टोचलं होतं.
"अंड्याचं कवच फुटावं तसा आवाज आला.
मी सात वर्षांचा. तसराळं माझ्या हातात होतं."

मला फोनवर खोटं बोलता येत नाही.
"आता क्वचितच टोचतात," मी म्हटलं, "क्वचित."
तो गप्प.
मग मी बोलत राहिले, त्याला धरून ठेवायला:
पाणी उकळा, निवू द्या, नळाचं तसंच नको.
चिमूटभर मीठ, अश्रूंइतकं खारट.
बेसिनवर वाका, तोंड उघडं,
एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर.
जोरात शिंकरू नका. दुखण्याची गोळी घ्या.
सौना? ताप उतरेपर्यंत तिला थांबू दे.
सकाळी आठला या,
अँटिबायोटिक लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील.
आणि हे नीट ऐका:
डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसले, मान आखडली,
तर सकाळची वाट बघायची नाही.

"ऐकलं," तो म्हणाला. पण फोन ठेवेना.
खरं दुखणं लोक शेवटी सांगतात, दाराशी उभं राहून.
"मी अकॉर्डियन दुरुस्त करतो.
सुरांच्या पट्ट्या मेणात आणि राळेत बसवतो.
काल मेण करपून काळं झालं.
साइमी वरून ओरडली तेव्हा कळलं.
चाळीस वर्षं नाकाने मेण शिजवलंय मी."
यावर माझ्याकडे छापील सल्ला नव्हता.
"वास मागाहून येतो," मी म्हटलं. "सगळ्यांत मागाहून."

सात दिवस गोळ्या, महिनाभर मिठाचं पाणी.
सुई कुणी काढली नाही.
हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीत, पहाटे साडेतीनला:
"हेल्मी?"
'म' अगदी 'म'सारखा आला.
"मेण करपलं."
"मग?"
"मला कळलं. आधी मला."
मागे साइमी खिडकी उघड म्हणत होती.
बाहेर उणे एकतीस.
त्याने उघडली नसावी.
बराच वेळ काही न बोलता
तो फोनवर नुसता श्वास घेत होता,
नाकाने.