मागे डोंगर आहे

खासनीस काका चहाला आले की
दादा अल्बम काढतात.
मोबाइलवर दाखवणं त्यांना पटत नाही.
लक्ष्मी रोडवरून छापून आणलेले, मॅट फिनिश,
अठ्ठेचाळीस फोटो.
त्यातल्या एकतीस फोटोंत काहीही नाही.

पांढरं.
पांढऱ्यापुढे आई,
रविवार पेठेतून घेतलेल्या लाल रेनकोटात,
माकडटोपीवर हूड ओढलेली,
हातात गूळ-तुपाच्या पोळीची गुंडाळी, अर्धी खाल्लेली.
"हे इथे," दादा बॉलपेनचं टोपण टेकवतात
आईच्या डाव्या कानाच्या जरा वर,
"इथे डोंगर आहे. सहाशे त्रेचाळीस मीटर."
खासनीस काका चष्मा कपाळावर चढवून
डोंगर बघतात.

निघायच्या आदल्या रात्रीही पाऊस होताच.
खडकवासल्यातून किती सोडलं
हे दादा दर तासाला विचारत होते.
निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी पाटबंधारे खात्यातला
कुणी एक घाटपांडे अजून त्यांचा फोन उचलतो.
"पस्तीस हजार क्युसेक. भिडे पूल गेला.
म्हात्रे पुलावरून जाऊ, लोहगावला चार तास आधी पोचू."

मी म्हणाले, पुढे ढकलू या.
बर्गनलाही आठवडाभर पाऊसच दाखवतंय,
रोजच्या चौकोनात तोच एक ढग,
खाली तेच तीन थेंब.
अर्धे पैसे तरी परत मिळतील.

आई मेतकुटाच्या पिशवीला
कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावत होती.
वर न बघता म्हणाली,
"आणि गुडघे? ते पुढे ढकलता येतात का गं?"

मग काय.
सिंहगड रोडवरचं पाणी बुटांत घेऊन आम्ही निघालो
आणि तिथे पोचल्यावर त्यात भर घातली.
केबल कार बंद. बोट बंद.
माझी छत्री दुसऱ्याच दिवशी
उलटी होऊन कचऱ्याच्या डब्यात गेली.
मी सारखी सॉरी म्हणत होते,
जणू तो पाऊस मीच बुक केला होता.

एका उतारावर रस्त्याकडेच्या चरातून
पाणी धावत होतं, स्वच्छ, घाईत.
दादा थांबले. पावलांनी दहा मीटर मोजले,
आईला खालच्या टोकाला उभं केलं,
माझ्या हातात घड्याळ दिलं
आणि एक काटकी सोडली.
काटकी पोचल्यावर आईने हात वर केला,
शाळेत उत्तर येत असल्यासारखा.
पुन्हा. पुन्हा. तीनदा.
दादांनी ओल्या तिकिटामागे भागाकार केला
आणि म्हणाले, "चांगलं आहे."
एवढंच.
याचा फोटो नाही. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

खासनीस काका दर वेळी विचारतात,
"मग डोंगर शेवटी दिसलाच नाही म्हणा?"
"नाही," दादा म्हणतात. "पण आहे."

शेवटच्या दिवशी पहाटे, विमानतळाच्या वाटेवर,
धुकं सुटलं. चार मिनिटं असेल.
अख्खा डोंगर, ओला, काळा-हिरवा,
वर बर्फाची एक चुकार रेघ.
टॅक्सीवाला हळू झाला. आरशातून त्याने
भुवयांनी मला विचारलं.
मागे आईचं डोकं दादांच्या खांद्यावर,
दादांचं काचेवर,
दोघांची तोंडं थोडी उघडी,
मांडीवर एकच शाल, दोघांनीही ओढलेली.

मी मान हलवली. नको.
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
आधी वाटलं, दमलेत. झोपू दे.
पण ते तितकंच नव्हतं.

आता दादा पान उलटतात.
टोपण पुन्हा पांढऱ्यावर टेकतं.
"हे इथे."

डोंगर जरा उजवीकडे आहे.
मी चहात साखर ढवळत राहते.
माझा चहा बिनसाखरेचा आहे.