घरचं मत

सोहारच्या बंदरावरची रात्रपाळी संपली की
आम्ही चौघे खोलीवर येतो,
एसीखालची बादली मोरीत रिकामी करतो,
आणि कोणीतरी पुन्हा विचारतंच :
तू फिरलास का रे?

फिरलास. म्हणजे डोकं फिरतं तसं,
पोळीवरून हात फिरतो तसं नाही.

कुंजुमोनला सांगितलं, विमानाची भाडी बघ,
मे महिन्यात लुटतात, कोण बोलतं त्यावर?
त्याला पटलं. भाड्याबद्दल त्याला काहीही पटतं.
अस्लम मुकादमला म्हटलं, भाषणं ऐकवत नाहीत आता.
तो बराच वेळ खुबूस फाडत राहिला,
म्हणाला, हे तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस.
होतंच ते तसं थोडं.
वनिताला फोनवर म्हटलं, रस्ता.
रस्ता हे कारण घरी नेहमी पुरतं.

बाबांना काहीच सांगितलं नाही.
ते गव्हाच्या पिठाची खळ शिजवून
रात्र रात्र पोस्टरं चिकटवत.
आमच्याकडे पोरं चिन्ह आधी ओळखायची, अक्षरं मागाहून.

खरं कारण एवढंसं आहे की लाज वाटते.

शहाण्णव रियालचं तिकीट, अकरा दिवस बिनपगारी,
मस्कतपर्यंत बस, मग मोपा, मग भावाची रिक्षा.
विमानात एक प्रश्न घोटून तयार केला होता :
मी एक्कावन्न वर्षांचा,
क्रेनच्या वायरिंगशिवाय काही येत नाही,
करार संपला की गावात माझ्यासाठी काय आहे?
मोठ्या कोणाला नाही, अंकुशलाच विचारणार होतो.
वाडीतलं पक्षाचं सगळं तोच बघतो.
उत्तर नसतं तरी चाललं असतं.

अंकुश आला. हातात मतदारयादी, कानामागे पेन्सिल.
शेजारी मेस्त्र्यांकडे पाऊण तास बसला,
त्यांची विहीर, त्यांच्या जावयाची बदली, दोनदा चहा,
कारण यादीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं.
मी पायरीवर उभा. इस्त्रीचा शर्ट.
आमच्या बेड्यापाशी त्याने गाडी बंदसुद्धा केली नाही.
"तुमचा काय! घरचाच मत."
आमच्या नावांपुढे बरोबरची खूण
केव्हाच करून झाली होती,
मी यायच्या आधी,
बहुतेक मी जन्मायच्या आधी.

दुसऱ्यांचा पोरगा दिवेलागणीला आला.
त्याने काही दिवे लावले नाहीत.
निम्मा वेळ मोबाइलमध्ये.
माझा प्रश्न मी त्याला विचारलाही नाही.
पण चपला काढून आत आला, टेकला,
आणि एकदा मान वर करून म्हणाला,
"थंय पाणी गोडा गावता?"
बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, समुद्राचंच करतात. चव नसते.

सकाळी शाळेत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे,
बोट सवयीने वरून दुसऱ्यावर गेलं.
थांबलं.
खाली सरकलं.
यंत्राचा आवाज तोच आला, तेवढाच लांब.

एवढ्यावर कोणी मत देतं का?
मलाही नीट पटत नाही.
म्हणून तर भाड्याचं सांगतो, रस्त्याचं सांगतो.

शाई नखाबरोबर वर सरकतेय.
फोरमन सालिमने बोट धरून विचारलं, ग्रीस?
म्हटलं, नाही, मत.
तो हसला, का ते कळलं नाही.

आज गुरुवार.
फलकावर उद्याच्या जादा पाळीची यादी लागलीय.
माझ्या नावापुढे खूण. न विचारता. नेहमीसारखी.
स्टोअरमधून पेन्सिल मागून आणली,
खूण खोडली नाही,
शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं, बारीक,
आणि हेल्मेट काखोटीला मारून
तिथेच उभा राहिलो.
बघू, कोण येतं.