टेबलासाठी लाकूड

पोस्टातून सुटले त्या मार्चात
अडावदला भिवसन मिस्तरीकडे गेले.
म्हटलं, लिहायला टेबल हवंय.
रंध्यावरून मान न उचलता त्यानं विचारलं,
"कितला वरीस लिखशात, ताई?"

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले,
हा हिशेब कुणी मागितला नव्हता.
म्हटलं, वीस धर.
"मंग साग नको.
साग साठ वरीसना.
बाकीना चाळीस कोना नावावर करशात?"

तरी दाखवला. एक तुकडा सातपुड्याचा,
भुशाला तेलकट, जुन्या चामड्याचा वास.
दुसरा कुणाच्या बांधावरचा, बारा वर्षांचा,
वरून साग, आतून पांढराफटक.
दर दोघांचा एकच.

शिसम उचलायला दोन माणसं,
रंध्याची धार खातं ते वेगळंच.
त्याच्या पलंगावर झोपणारासुद्धा, म्हणे,
पाहुण्यासारखा ताठ झोपतो.

निंब कापला त्या दिवशी
कळण्याची भाकरही कडू लागते,
पाणी कडू, विडी कडू,
बायकोशी बोलणं कडू.
पण कीड त्याच्या वाटेला जात नाही.

बाभळीला काम सांगावं, शोभा सांगू नये.
चाकाच्या आऱ्या, वखराचं खोड,
यातच तिचा जन्म गेलेला.
आंबा गरिबाचा, सांगाल तसा वाकतो,
"पन ओला व्हयना का फुगस."
शिवण मात्र एकदा वाळली की वाळली,
नंतर अंग चोरत नाही.

कोपऱ्यात एक काळपट ओंडका होता, हातभर.
विचारलं, हा?
उत्तराऐवजी त्यानं त्याची एक ढलपी
पाण्याच्या पिंपात टाकली.
सरळ तळाला गेली, दगडासारखी.
"अंजन. तीन करवती खाई ग्या."
याचं काय करतोस?
"काही नई. ठेवस."

त्याचा पोरगा गुलाब चोपड्याच्या रस्त्यावर बसतो.
तिथं एकच लाकूड, पन्नास रंगांत,
पापुद्र्यावर पापुद्रा, डिंकानं चिकटवलेला,
मजकूर नसलेलं जाड पुस्तक.
दुपारपर्यंत घरपोच, हप्त्यानं.
भिवसन त्याबद्दल वाईट बोलला नाही.
रंधा उलटा करून पात्याखालची साल फुंकली फक्त.

अखेर माझं टेबल झालं ते असं:
पाय बाभळीचे, चौकट निंबाची,
वरची फळी शिवणीची,
आणि पैसे तिथवरच पुरले म्हणून
ड्रॉवर आंब्याचा.

घरी ठेवलं तर डुगडुगायला लागलं.
मी त्याच्याकडे बघितलं.
तो गुडघ्यावर बसला, फरशीला गाल लावून पाहिलं,
"जमीन वाकडी शे, टेबल नई."
खिशातून रुपयाएवढी अंजनाची पाचर काढली,
एका पायाखाली सारली,
तिचे पैसे घेतले नाहीत.

आता पाचवं वर्ष.
तेवढी पाचर झिजलेली नाही.
ड्रॉवर आषाढात फुगतो, ओढला तर सगळं टेबल पुढं येतं.
कोजागिरीच्या आसपास आपला आपण मोकळा होतो.
यंदा धरणगावच्या बहिणीला लिहिलेलं पत्र
आत राहिलंय, तिकीट लावलेलं,
रुसवा काढण्यासाठीच लिहिलेलं.

चौतीस वर्षांत माझ्या हातून
एक पत्र इतकं थांबलं नव्हतं.
मी ओढत नाही. लाकूड सुकू दे.