शेऱ्याचा रकाना

नौकेचं नाव 'मांडवी-दोन'.
'मांडवी-एक' कुठं गेली, खात्यात कुणालाच ठाऊक नाही.
इंजिन जपानी, रंग सरकारी,
डिझेल, मंजुरी आली तर.

शापोऱ्याच्या मुखाशी रेती साचलेली.
भरती पुरती चढल्याशिवाय आम्ही बाहेर पडत नाही.
भरतीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं,
आमच्या भिंतीवर, आणि त्यांच्याही.
आम्ही दोर सोडायच्या आधी
आमची बातमी दोर सोडते.

त्या रात्री मात्र फोन लागत नव्हते.
किल्ल्यामागचा टॉवर बंद पडला होता म्हणे.
इनासनं सुकाणू धरलं,
सगुण खाली इंजिनाशी पुटपुटत,
आणि मी, नोंदवही शर्टाच्या आत खोचून,
ओली होऊ नये म्हणून.

सहा मैलांवर समुद्रातून दिवस उगवत होता.
पाण्याखाली सोडलेले दिवे,
हिरवट पांढरा उजेड,
आणि त्यात मासळी,
जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी.
आम्ही दिसताच उजेड विझला.
काळोख असा एकाएकी पडला
की इनास म्हणाला, "आता आपणच चोर."

ट्रॉलरवर नऊ माणसं.
तांडेल कोण, विचारलं
तर नऊही जणांनी दहाव्याकडे पाहिलं,
जो नव्हताच.
त्यातला एक पोरगा, ओडिशाचा, सुखदेव नायक,
मला आधी 'सर' म्हणाला, मग 'मॅडम',
मग पाणी मागितलं.
मालक किनाऱ्यावर झोपलेला.

जनरेटर बंद. मी तळवा टेकवला:
भाकरी उतरवल्यावरचा तवा.
लिहिलं, 'जनरेटर बंद, परंतु गरम आढळला.'
दिवे सापडले नाहीत. केबल सापडली,
कापल्या टोकाचं तांबं अजून चकचकीत.
लिहिलं.
खणात बांगडे, माझ्या मधल्या बोटाएवढे.
'अंदाजे चारशे किलो.'
किती हजार, ते लिहायला रकाना नाही.

जाळ्याच्या कडेला एक कासवीण,
मोरजीच्या वाळूत चढते त्या जातीची.
सुखदेवनंच सोडवली, चाकूनं जाळं फाडून,
त्याचे पैसे त्याच्याच पगारातून जाणार होते.
ती पोहत गेली की बुडाली, अंधारात कळलं नाही.
शेऱ्यात मी प्रश्नचिन्ह काढलं
आणि खोडलं.
सरकारी वहीत प्रश्नचिन्ह चालत नाही.

परतलो तर ओहोटी.
मुखाशी तीन तास नांगर टाकून थांबलो,
पकडणारे आणि पकडलेले, एकाच रेतीपुढे.
इनासनं चहा केला. दूध संपलं,
तरी कोरा का होईना, नवव्यापर्यंत गेला.

जप्त मासळीचा नियमाप्रमाणे जेटीवरच लिलाव.
बोली लावणारे तिघे. तिघे एकाच मालकाचे.
रक्कम सरकारजमा. पावती मी फाडली.

दुपारी घरी, शिवोलीला,
न्हाऊन बसले तर ताटात उमाण.
"स्वस्त मिळाले," नवरा खुशीत,
"म्हापशाला ढीग पडलेत."
"एवढे लहान?"
"लहानच गोड असतात."

काटा काढायला बोट घातलं.
तो अजून काटा झालाच नव्हता,
मऊ, भिजल्या दोऱ्यासारखा,
दाताखाली आला तरी कळेना.
रात्रभराची भूक होती. मी जेवले.
भातावर थोडं आणखी वाढून घेतलं.

संध्याकाळी पुन्हा जेटीवर.
वही उघडली. खोडलेल्या जागी
कागद झिजून पातळ झालेला.
खाली नवी ओळ आखली:
भरती रात्री दहा-चाळीस.
डिझेल, मंजुरी प्रलंबित.

एवढ्यात खिशात फोन थरथरला.
टॉवर सुरू झाला होता.