मुकी अक्षरं

फेहीन गेला त्याच्या तिसऱ्या आठवड्यात
बार्ब्रे माझ्या शेडमध्ये आली,
बेकरीच्या पिशवीवर त्याचं नाव लिहून, दोन प्रकारे.
"अक्षराला काय घेतोस?"
मी दर सांगितला. ग्रॅनाइट आहे बाई, लोणी नव्हे.

तिनं बोटांवर मोजलं.
इंग्रजीत थॉर्नटन: आठ.
आपल्या भाषेत ओ द्रायनान: बारा,
वर दोन तिरके फटकारे.
"आणि यातली जी बोलतच नाहीत, त्यांचेही पैसे?"
म्हटलं, मुक्यांनाही छिन्नी तितकीच लागते.

ती दगडाच्या ढिगावर बसली.
ओ म्हणजे नातू, ती म्हणाली, जणू मला ठाऊक नाही.
द्रायनान म्हणजे काटेरी झुडूप, लहानसं.
कुणा आज्याला कुणी तरी
केसांवरून की जिभेवरून नाव ठेवलं,
आणि हजार वर्षं आम्ही सगळे त्याचे नातूच.
बाप व्हायला कुणाला जमलंच नाही.
मग एक कारकून आला, वहीत काटा उतरवून घेतला
आणि त्याला एक गाव चिकटवलं
जे समुद्रापलीकडे असेल, इथं नाही.

बाहेर कुंपणाला तेच झुडूप फुललेलं,
पान एक नाही, काळ्या काड्यांवर नुसतं पांढरं.

या मुलखाचं तरी काय वेगळं?
कॉनमाक नावाचा कुणी एक. त्याची पिलावळ ती कॉनमाकने.
त्यातली जी खाऱ्या वाऱ्याला येऊन टेकली
ती समुद्राकडची, कॉनमाकने मारा.
पुढे माणसं पांगली, बोस्टनला, खाणींत, मातीत.
नाव मागे राहिलं, दलदलीवर पसरलं,
आता पर्यटक त्याचे फोटो काढतात.

माझा आजा सरकारदरबारी स्मिथ.
घरात लोहाराचा हातोडा मी कधी पाहिला नाही.
हे मी तिला सांगितलं नाही.

"बारा कोर," ती उठत म्हणाली. "फटकारे?"
ते असेच, म्हटलं.

शुक्रवारी शेवटच्या फटकाऱ्याला छिन्नी सटकली.
तो हवा त्याहून लांब गेला, टोकाला बारीक.
दुसरा दगड घ्यावा लागेल, मी म्हणालो,
माझ्या खर्चानं.

तिनं हातमोजा काढला,
बोट त्या खाचेवरून हळू नेलं.
"टोचतंय," ती म्हणाली.
"राहू दे."